फुकटची कृपा

हार्टरडेलच्या खोऱ्यात टेमर माउन्सीला काही द्यायला सहसा कुणी धजत नसे. तिचा बाप वारला तेव्हा लोहाराची बायको केझिया डॉसन अख्खं भाजलेलं बदक घेऊन तिच्या दारात गेली होती. टेमर तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. तिने थाळीवरचं फडकं उचललं, बदकाकडे पाहिलं, मग केझियाकडे पाहिलं.

"काय काम काढलंस?"

"काम कसलं? बाप गेलाय तुझा."

"ते मला माहीत आहे. तुझं काय काम ते विचारतेय."

केझियाला हसावं की रडावं कळेना. ती थाळी ठेवून घरी आली. दोन दिवसांनी थाळी परत आली, घासून लखलखीत केलेली आणि वर लोण्याचा असा गोळा की बदकापेक्षा जड. पुढे वीस-बावीस वर्षं केझिया ही गोष्ट सांगत असे. "एक बदक देऊन महिन्याचं लोणी आणलं मी. आणखी दोन दिली असती तर गाय आणली असती."

लोक हसत, पण टेमरचा स्वभाव असा का झाला हे फक्त तिच्या भावाला, जॉसला ठाऊक होतं. त्यांचा बाप जोनस माउन्सी सरकारी चर्च सोडून बाजारगावातल्या एका वेगळ्या प्रार्थनाघरात जायचा. तिथली शिकवण कडक होती. देवाची कृपा कुणावर व्हायची हे जग घडण्याआधीच ठरलेलं. ती कष्टाने मिळत नाही, रडून मिळत नाही, मागून तर नाहीच. ज्याच्यावर होते त्याला ती आतून कळते. जोनस जन्मभर ती कळायची वाट पाहत राहिला. मेंढरं वळताना, दगडी बांध रचताना, जेवताना घास हातात धरून तो मध्येच थांबायचा आणि कान देऊन बसायचा. पोरांना वाटायचं, दारात कुणी आलं आहे. शेवटच्या दुखण्यात टेमर त्याच्या उशाशी होती. तो पूर्ण शुद्धीवर होता. "नाही आली गं," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला, तो पुन्हा वळला नाही.

त्यानंतर टेमरने प्रार्थनाघराची पायरी चढली नाही. देव नाही असं तिचं म्हणणं नव्हतं. इतक्या सरळ माणसाला जी वस्तू मिळाली नाही ती आपल्याला नको, एवढंच तिने ठरवलं. अंग मोडून मिळेल ते आपलं. बाकी जे कुणी देतं, त्याच्या मागे काहीतरी असतं, आणि ते काय आहे हे कळेपर्यंत हात पुढे करायचा नाही. तिने लग्न केलं नाही. दोन माणसं विचारून गेली होती. दोघांचाही डोळा कुरणावर आहे असं तिचं मत पडलं. त्यातल्या एकाच्या बाबतीत ते खरंही होतं.

टेमरने चाळिशी ओलांडली तेव्हा फ्रेंचांशी लढाई चालू होती, लोकर पडून राहत होती, आणि जॉसने वरची खोली भाड्याने द्यायचं काढलं. भाडेकरू दक्षिणेकडचा निघाला. मिस्टर ॲम्ब्रोज हॉलिस. तिशीचा, उंच, किडकिडीत, बोलायला मऊ. एक पेटी पुस्तकं आणि एक जोडी बूट, तेही डोंगरात टिकणारे नव्हेत.

"करता काय तुम्ही?" टेमरने पहिल्याच दिवशी विचारलं.

"कविता लिहितो, मिस माउन्सी."

"ते कळलं. पण करता काय?"

जॉस खोकल्यासारखं करून हसला. हॉलिसही हसला, आणि त्याने राग मानला नाही याचीच टेमरला शंका आली.

सकाळी ओटची भाकरी आणि चीज खिशात टाकून हा माणूस डोंगरावर जायचा तो अंधार पडायच्या आत परत यायचा. बरोबर कुत्रा नाही, बंदूक नाही, गळ नाही. रिकाम्या हाताने जायचा आणि रिकाम्या हाताने यायचा. आता त्या दिवसांत खोऱ्यात दोन भीती होत्या. एक फ्रेंचांच्या हेरांची. ती मुख्यतः दारूच्या गुत्त्यात बसणाऱ्यांना. दुसरी खरी. वरची कुरणं सगळ्या खोऱ्याची होती, ज्याची मेंढी त्याने चारावी असा चालत आलेला हक्क. पण पलीकडच्या दोन खोऱ्यांत मोठ्या जमीनदारांनी कायदा करून घेऊन डोंगर मोजले होते, भिंती घातल्या होत्या आणि लहान माणसांची मेंढरं खाली हाकलली होती. तिथेही आधी एक गोड बोलणारा माणूस येऊन डोंगराकडे बघत उभा राहायचा, असं ऐकिवात होतं.

केझियाने एक दिवस बातमी आणली.

"तुमचा तो कवी. स्काउ तळ्यापाशी जी सपाटी आहे ना, तिथे येरझाऱ्या घालतो. तेवढंच अंतर जायचं, तेवढंच यायचं. आणि तोंडाने पुटपुटतो, बोटांवर मोजतो. आमच्या ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं."

"काय मोजतो?"

"आता ते मी सांगायचं? डोंगरावर मोजण्यासारखं आहे काय? दगड मोजत असेल तर गोष्ट वेगळी."

टेमरने लोकर पिंजायचं थांबवलं नाही, पण त्या दिवसापासून हॉलिसच्या ताटात पडणारा मटणाचा तुकडा लहान झाला.

एका संध्याकाळी जेवताना त्याने स्वतःच विषय काढला. चेहरा उजळलेला होता.

"आज वर मला काहीतरी मिळालं, मिस माउन्सी."

"आमची हरवलेली मेंढी असेल तर बरं."

"मेंढी नाही. त्याला दुसरा शब्द सापडत नाही मला. कृपा म्हणतो मी."

जॉसचा चमचा वाडग्यातच राहिला. त्या घरात तो शब्द बापाच्या मागे कुणी उच्चारला नव्हता.

"कुणाची?" टेमरने विचारलं.

"तेच तर. कुणाची ते माहीत नाही. पाद्री नाही, प्रार्थना नाही. माणूस गप्प बसतो, मन मोकळं होतं, आणि डोंगर देतो. आपली लायकी असावी लागत नाही, मागावं लागत नाही. कुणालाही मिळते. तुम्हालाही, मलाही."

"डोंगर काही देत नाही," टेमर म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात आमची अकरा मेंढरं घेतली त्याने. त्याआधी आमच्या आजोबांना घेतलं."

"तरीही तुम्ही इथेच राहता."

"मग जाऊ कुठे? तुमच्याकडे?"

जॉस यावर मान खाली घालून सूप पिऊ लागला. हॉलिस दुखावलेला दिसला नाही. उलट टेमरकडे असं पाहत राहिला जसं काही तिच्याकडूनच त्याला काही हवं आहे. ते बघणं तिला मुळीच आवडलं नाही. त्याने आठवड्यातून दोन-तीनदा तरी सांगावं की आज मिळाली, आज पुन्हा मिळाली. टेमरच्या मनात एकच घोळायचं. बापाला साठ वर्षांत जी एकदा मिळाली नाही, ती याला बुधवारी, शुक्रवारी मिळते. म्हणजे एकतर हा खोटं बोलतो, नाहीतर हे काहीतरी दुसऱ्याच गोष्टीवरचं पांघरूण आहे.

ऑक्टोबर लागला. थंडीआधी मेंढ्यांच्या अंगाला डांबर आणि लोणी चोळायचं काम सुरू व्हायचं होतं. एका सकाळी जॉसला "मागे राहिलेली मेंढी बघून येते" असं सांगून टेमर हॉलिसच्या मागे निघाली. लाकडी तळाचे बूट दगडावर वाजतात म्हणून ती गवताच्या कडेकडेने चढली. तो बरंच पुढे होता, आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. चोर वळून बघतो, हे तिच्या मनात आलं, पण सराईत चोर बघत नाही, हेही आलं.

स्काउ तळं म्हणजे डोंगराच्या कुशीत अडकलेलं काळं पाणी. काठाला मेंढ्या कोंडायची जुनी दगडी भिंत होती. टेमर तिच्या आडोशाला बसली. दगडांच्या फटीतून सपाटी स्वच्छ दिसत होती.

केझियाने सांगितलं ते शब्दाला शब्द खरं होतं. हॉलिस येरझाऱ्या घालू लागला. पुटपुटत होता, डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा टेकवत होता. आता मोजणीची साखळी काढेल, आता खुंटी ठोकेल, म्हणून टेमर श्वास रोखून बघत राहिली. वारा तिच्याकडे वळला तेव्हा त्याचे शब्द ऐकू आले. गज नव्हते, एकर नव्हते. "पाणी" म्हणत होता. मग "जळ" म्हणाला, बोटांवर मोजलं, मान हलवली, पुन्हा "पाणी" म्हणाला. अर्धा तास तो एवढंच करत होता. ओळीत कोणता शब्द बसतो ते बघतोय हे टेमरच्या लक्षात आलं, आणि तिला आपण चढून आल्याची लाज वाटली. पण ती उठली नाही.

कारण मग तो बसला. एका खडकावर, हात गुडघ्यांवर ठेवून, पाण्याकडे तोंड करून. हलला नाही. डोकं जरासं एका बाजूला कललेलं. टेमर फटीला डोळा आणखी जवळ नेऊन बघू लागली. मग कळलं. हे बसणं तिने पाहिलेलं होतं. घास हातात धरून तिचा बाप असाच थांबायचा. हा माणूस कान देत होता, आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

बराच वेळ गेला. शेवटी हॉलिस उठला, काठी खडकावर इतक्या जोराने मारली की तिचा तुकडा पाण्यात उडाला, आणि तळहातांनी तोंड झाकून उभा राहिला. नंतर त्याने टोपी नीट केली आणि खाली चालायला लागला. भिंतीपासून वीस पावलांवरून गेला, पण इकडे पाहिलं नाही.

तर खोटारडा निघाला. टेमरला समाधान व्हायला हवं होतं. तिची शंका खरी ठरली होती, फक्त जी शंका धरून ती आली होती ती नव्हे.

ती लगेच उठली नाही, कारण पाय बधिर झाले होते. भिंतीला टेकून ती पाय चोळत बसली. वारा पडला. भिंतीच्या पलीकडे एक मेंढी येऊन बसली. दगडांतून तिचा रवंथ ऐकू येत होता. उतारावरचा नेचा तांबूस होऊन वाळला होता. पाण्यावर काहीच चाललेलं नव्हतं. टेमर हे सगळं रोजच पाहत आलेली. मग तिच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, आपण पाय चोळत नाही आहोत. हात मांडीवर उघडे पडले आहेत. घरचं दूध, डांबर, जॉसचा खोकला, बाप, यातलं काही मनात नाही. दुसऱ्याच्या घरी ती कधी बसत नसे, उभ्या उभ्या बोलून निघायची. इथे कुणीतरी तिला "बस" म्हटल्यासारखं झालं होतं, आणि ती बसली होती, आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. छातीतून काहीतरी वर आलं. आनंद म्हणायला तिची जीभ रेटली नसती, पण दुसरं काही ते नव्हतं.

तिने झटकन मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

मग ती वाट पाहत बसली, की आता याचं काय द्यावं लागतंय. काहीही मागायला कुणी आलं नाही. ते जसं आलं तसंच हळूहळू निघून गेलं, थंडी पुन्हा लागायला लागली, आणि टेमर उठली.

उतरताना ती रागाने भराभरा पावलं टाकत होती. वाटेत एकदा ती थांबली आणि कुणी ऐकत असल्यासारखं मोठ्याने म्हणाली, "त्याला नाही दिलंस. आणि मला देतोस?" तिने तर मागितलं नव्हतं. ती दुसऱ्यावर पाळत ठेवायला आली होती. बाप जन्मभर उपाशी राहिला आणि हिला पाहिजे नसताना ताट वाढलं, हा कुठला न्याय. हे घेतलं तर बापाशी बेइमानी होते असं तिला वाटलं, आणि घेतलं नाही असंही म्हणता येत नव्हतं, कारण ते घडून गेलं होतं.

त्या संध्याकाळी हॉलिस हात शेकत म्हणाला, "आज वर पुन्हा..."

टेमरने जॉसकडे पाहिलं. "गोठ्याचं दार नीट लावलंयस का बघ."

"लावलंय की."

"बघ."

जॉस उठून गेला. टेमर म्हणाली, "आज तुम्हाला काही मिळालं नाही. मी तिथे होते."

हॉलिसच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्याने शेकोटीत पीटचा, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, एक तुकडा सारला, उगाच.

"तुम्ही माझ्यावर नजर ठेवत होतात."

"हो. मला वाटलं तुम्ही डोंगर मोजताय."

तो हसायला गेला, ते जमलं नाही. "एकदाच आली होती," तो म्हणाला. "मी बावीस वर्षांचा होतो. ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडत होतो, मित्राशी भांडून. मनात वाईट विचार होते. आणि पुलाच्या मध्यावर... सगळं थांबलं. अर्धा तास असेल. त्यानंतर नाही. इथे आलो ते तेवढ्यासाठी. रोज जेवायला बसलं की वाटतं, आली म्हटलं तर उद्या येईल."

"खोटं बोलून?"

"वाट बघताना माणूस काय काय करतो, मिस माउन्सी."

टेमरने नजर शेकोटीकडे वळवली. हॉलिसने मान वर केली आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. माणूस भोळा होता, पण डोळ्यांनी आंधळा नव्हता.

"मी गेल्यावर तुम्ही तिथे थांबल्या होतात का?"

"मेंढी शोधत होते."

"तुम्हाला काही झालं का तिथे?"

आता कळलं याला काय हवं आहे, टेमरच्या मनात आलं. सांगितलं तर उद्या हा त्याच खडकावर बसून बोटांवर मोजून ओळीत बसवेल. जे तिने स्वतः अजून घेतलं नव्हतं ते हा घेऊन जाईल.

"गुडघे धरले," ती म्हणाली. "ओलीत बसल्यामुळे."

हॉलिस बर्फ पडण्याआधी गेला. जाताना त्याने तिला एक पुस्तक द्यायला काढलं, तिने ते उघडूनही न बघता परत त्याच्या पेटीवर ठेवलं. त्याला त्याची अपेक्षा असावी. जॉसला मात्र वाईट वाटलं. "बरा होता गं," तो म्हणाला. "निदान बोलायचा तरी."

दोन वर्षांनी डोंगर मोजायला खरोखरच माणूस आला. तो डोंगराकडे कधी मान वर करून बघायचा नाही, फक्त पायाखाली आणि साखळीकडे. चौकशीला तोंड भरून उत्तरं द्यायचा आणि कुणाला त्याचा संशय आला नाही, टेमरलासुद्धा नाही, कारण तो खाणीसाठी जागा आखतोय असं त्याने सांगितलं होतं आणि ते पटण्यासारखं होतं. भिंत झाली. माउन्सींच्या वाट्याला तळ्याच्या अलीकडची एक ओबडधोबड पट्टी आली आणि निम्मी मेंढरं विकावी लागली. तळं भिंतीच्या पलीकडे गेलं. टेमर तरी वर्षातून एकदा-दोनदा भिंत चढून जायची. पकडलं तर मेंढी गेली पलीकडे असं सांगायचं, हे ठरलेलं. तिथे ती बसायची. बहुतेक वेळा काही व्हायचं नाही, आणि झालं नाही म्हणून ती रडतही बसायची नाही. एकदा मात्र डांबर-लोण्याने बरबटलेले हात घेऊन, दोन पायांत मेंढी दाबून धरलेली असताना, गोठ्यातच ते आलं. मेंढी सुटून गेली आणि जॉसने आरडाओरडा केला. तिने कुणाला सांगितलं नाही. बापाबद्दलचा राग शमला असंही नाही. दोन्ही गोष्टी तिच्याजवळ शेजारी शेजारी राहिल्या.

हॉलिस पुन्हा आला तो पंधराएक वर्षांनी, घोडागाडीतून, बायकोसह. पोट सुटलेलं, केस मागे गेलेले. गाडी दारात थांबवून त्याने दूध मागितलं, आणि टेमरने भांडं पुढे केल्यावर तो म्हणाला, "ओळखलंत का?"

"बूट अजून तसलेच घालता," टेमर म्हणाली.

तो दक्षिणेत एका शाळेचा मुख्य झाला होता. कविता लिहिणं केव्हाच थांबलं होतं. हे त्याने स्वतःहून सांगितलं, आणि त्यात कुठे कुरकुर नव्हती. बायको गाडीत बसून पंखा हलवत होती. हॉलिस भांडं हातात धरून डोंगराकडे बघत राहिला. भिंत दिसत होती.

टेमरला काय वाटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. आता हा काही लिहिणार नाही. याच्याजवळ दिलं तर ते कुठे जाणार नाही. आणि जगात हा एकच माणूस होता ज्याला ते कळलं असतं.

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मला तिथे काही झालं का म्हणून."

"हो."

"झालं होतं. तुम्ही म्हणायचात तेच. मी न मागता."

तिने वारा पडल्याचं सांगितलं, रवंथाचा आवाज, उघडे पडलेले हात. इतकं ती एका दमात कधी बोलली नव्हती. हॉलिसने भांडं खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी हललं, मग ते जागच्या जागी बसलं, आणि तो फार सौजन्याने हसला.

"तुम्ही फार चांगल्या आहात, मिस माउन्सी. पण मला बरं वाटावं म्हणून हे सांगायची गरज नव्हती."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

"मी तेव्हा असं काही बोललो असेन की तुमच्या मनात ते राहिलं. असं होतं. माणूस आठवणीत भर घालतो. मी शिकवतो ना, मला माहीत आहे."

"मी तुमच्याकडून काही मागत नाहीये."

"नाही नाही. तसं मी म्हटलं नाही." पण त्याची नजर दाराकडे, फाटक्या छपराकडे, निम्म्या रिकाम्या कुरणाकडे जाऊन आली, आणि हात खिशाकडे गेला. बायकोने गाडीतून हाक मारली. त्याने दुधाच्या किमतीपेक्षा मोठं नाणं भांड्याशेजारी ठेवलं आणि घाईने चढला. चाक चिखलात रुतलं तेव्हा जॉसने खांदा लावून ते काढून दिलं.

टेमर ते नाणं घेऊन आत दूधघरात गेली, आणि तिथे तिला केझियाचं बदक आठवलं. थोड्या वेळाने जॉस आत आला तेव्हा ती घमेल्यावर हात टेकून हसत होती. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जॉसने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तो दारातच थबकला.

"काय झालं? काय म्हणाला तो?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कुणी हसतं होय?" जॉसने तिच्याकडे आणि मग दाराबाहेर, गाडी गेलेल्या वाटेकडे पाहिलं. "काय विकलंस त्याला?"

टेमरने डोळे पुसले, साय काढायची पळी उचलली आणि त्याला गाई आत घ्यायला सांगितलं.